ग्रामसभेला माणसं येत नाहीत, तर अॅप काढायचं की आधी उत्तर द्यायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या तरुण सदस्यांनी विचारलंय: "गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढून वर्ष झालं. चारशेच्या वर माणसं आहेत. वाढदिवस, निधनवार्ता, देवाचे फोटो सगळं येतं. ग्रामसभेची नोटीस टाकली की खाली अंगठ्यांची रांग लागते, सभेला मात्र तीच वीस-पंचवीस माणसं. बहुतेक गल्ल्या मराठी, दोन गल्ल्या कन्नड, आणि पंचायतीचे कागद सगळे कन्नडमध्ये. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, ग्रुपमध्ये यायला तयार नाहीत. गावासाठी वेगळं अॅप करून घ्यावं का? शहरातला एक मुलगा करून देतो म्हणतोय."

अॅप करून घेऊ नका. सीमाभागातल्या पंचायतींबरोबर प्रशिक्षणाचं काम करताना हा प्रश्न मला सारखा भेटतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नोटीस पोचली नाही म्हणून सभेला आलो नाही, असं म्हणणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. मागच्या सभेत सांगितलेल्या गटारीचं पुढं काय झालं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. माणूस एकदा येतो, दुसऱ्यांदा येतो, तिसऱ्या वेळी म्हणतो, "जाऊन काय करू, इकडं रोप लावायचं राहिलंय." त्याचा हिशेब बरोबर असतो. त्यानं अर्धा दिवस मोडून सांगितलं आणि पंचायतीनं ऐकून सोडून दिलं. आता अॅप आणलं, तर तीच गटार तो अॅपवर सांगेल, तिथंही उत्तर येणार नाही, आणि मग अॅपही उघडणार नाही. फोनचा पहिला उपयोग लोकांकडून काही मागण्यासाठी करू नका. त्यांना उत्तर देण्यासाठी करा.

त्यासाठी एक गूगल शीट पुरते. पंचायतीचा डाटा ऑपरेटर ती अर्ध्या तासात करू शकतो. रकाने एवढेच: क्रमांक, तारीख, गल्ली, मागणी किंवा तक्रार, कोणाकडे दिली, पुढची तारीख, आज काय स्थिती. लिंक 'फक्त बघता येईल' अशी ठेवायची आणि ग्रुपच्या वर्णनात कायमची लावायची. तक्रार करणाऱ्याचं नाव आणि नंबर या उघड्या शीटवर येऊ द्यायचा नाही, तो पंचायतीच्या वहीत राहील. एखादी ओळ कशी दिसेल बघा: "२७. मारुती गल्ली, वरचा भाग. नळाला दहा मिनिटंच पाणी. वॉटरमनकडे दिली. व्हॉल्व्ह खराब आहे, नवा मागवलाय. पुढची तारीख शुक्रवार." शुक्रवार आला आणि व्हॉल्व्ह आला नाही, तर ओळ पुसायची नाही. त्याच ओळीत "व्हॉल्व्ह आला नाही, मंगळवारी बसवू" असं लिहायचं.

आणि ज्या ओळीत "हे होणार नाही" असं लिहावं लागतं, ती ओळ लिहायला कचरू नका. रस्ता पीडब्ल्यूडीचा असेल, वीजवाहिनी हेस्कॉमची असेल, जागा वनखात्याची असेल, तर तसं स्पष्ट लिहायचं आणि त्या खात्याला दिलेल्या पत्राचा फोटो जोडायचा. सदस्यांना वाटतं, नाही म्हटलं की मत गेलं. अनुभव उलटा आहे. गोड बोलून टोलवलेलं माणसाला कळतं, आणि कारण देऊन नाही म्हटलेलंही कळतं. पुढच्या सभेला तो दुसऱ्या बाबतीत सांगायला येतो.

शीट महिना-दोन महिने नेमानं चालली की मग नोटिशीकडे वळा. आपल्याकडे नोटीस अशी जाते: "दिनांक अमुक रोजी सकाळी ११ वाजता ग्रामसभा आयोजित केली असून सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे." हे वाचून कोणाच्याही डोक्यात काही हलत नाही. त्याऐवजी असं लिहा: "सोमवारी ११ वाजता देवळात ग्रामसभा. आपल्या वॉर्डात यंदा दोनच कामं बसतील, मागण्या पाच आहेत: शाळेजवळची गटार, वरच्या गल्लीची पाइपलाइन, स्मशानाची वाट, अंगणवाडीचं छप्पर, चौकातले दिवे. आधी कुठली दोन, ते सोमवारी ठरेल. यादीत आपलं काम नाही असं वाटत असेल तर शनिवारपर्यंत आवाज टाकून कळवा." हे लिहायला आधी पाच मागण्या गोळा कराव्या लागतात आणि पैसे किती ते माहीत असावं लागतं. नोटिशीचं खरं काम त्या तयारीत आहे.

पैसे किती आणि कशासाठी, हे आता लपून राहत नाही. केंद्राचं ई-ग्रामस्वराज संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० पासून चालू आहे. लॉगिन न करता कोणीही राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत निवडत गेला की आपल्या पंचायतीचा वार्षिक आराखडा आणि झालेला खर्च बघू शकतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेली होती, मोकळी ४० टक्केच. सभेत "समाजमंदिराला का नाही दिले" असा आवाज चढतो, तेव्हा ही एवढी गोष्ट आधी ग्रुपवर गेलेली असेल तर अर्धा तास भांडण वाचतं. पण त्या संकेतस्थळाची लिंक नुसती फेकू नका, कोणी उघडत नाही. तिथली आपल्या वॉर्डाची कामं निवडा, मराठीत आणि कन्नडमध्ये साध्या ओळीत लिहा, गल्लीचं नाव घाला, रक्कम घाला, आणि जागेचा फोटो लावा. "पाइपलाइन दुरुस्ती, वॉर्ड २" यापेक्षा "पाटलांच्या विहिरीपासून शाळेपर्यंतची पाइप" असं म्हटलं की लोक लगेच बोलू लागतात, कारण तिथं पाइप पडली की नाही ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं.

वेळेचंही बघा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम दर वर्षी २ ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होते. आपल्याकडे तेव्हा भात पोटरीत, नाहीतर कापणीच्या तोंडावर. लोकांना ऐन कापणीत बोलावून मागण्या विचारल्या तर कोण येणार? मागण्या सप्टेंबरातच, गणपतीत गोळा करा. तेव्हा गोव्याला, पुण्याला, मुंबईला गेलेली माणसंही गावात असतात आणि मंडळाच्या मांडवात संध्याकाळी सगळी गल्ली जमते. आणि वॉर्ड सभा विसरू नका. १९९३ च्या कर्नाटक पंचायत राज कायद्यात ग्रामसभेबरोबर वॉर्ड सभाही आहे. चारशे माणसांच्या ग्रुपपेक्षा वॉर्डाचा लहान ग्रुप आणि वॉर्डाची लहान सभा यांत बायका जास्त बोलतात, हे मी ठिकठिकाणी बघितलंय.

आता मतदानाचं. व्हॉट्सअॅपवर पोल टाकणं सोपं आहे, म्हणून लोक प्रत्येक गोष्टीचा पोल टाकतात. खानापूर तालुक्यातल्याच एका गावात नवी बोअर कुठं मारायची यावर असा पोल टाकला होता. नेहमीच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्या ग्रुपला दिसतं. दुपारपर्यंत खालच्या गल्लीतल्यांनी वरच्या गल्लीतल्यांची नावं मोजली, संध्याकाळी पारावर शब्दाला शब्द लागला, आणि ज्या घरांना दोन्हीकडं नातं होतं त्यांनी मतच दिलं नाही. बोअरची जागा शेवटी भूजल बघणाऱ्या माणसानं सांगितली तिथंच ठरायची होती, पण दोन गल्ल्यांचं बोलणं मात्र बरेच दिवस बंद राहिलं.

सभेची वेळ सकाळी की संध्याकाळी, असल्या गोष्टींना पोल चालतो. जिथं गल्ली, जात, भाऊबंदकी यांना धक्का लागतो तिथं गूगल फॉर्म वापरा आणि त्यात ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा, म्हणजे नाव दिसणार नाही. पण तो फॉर्म एकच माणूस चार वेळा भरू शकतो, तेव्हा त्यावरून निर्णय घ्यायचा नसतो. गावाचा कल कुठं आहे एवढंच त्यातून समजतं. निर्णय ग्रामसभेतच आणि ठरावातच व्हायला हवा. घरकुलाचे लाभार्थी निवडण्यासारखी गोष्ट तर चुकूनही ऑनलाइन करू नका.

भाषेबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण आपल्या भागात सहभाग तिथंच अडतो. मराठी माणूस पंचायतीत जातो, भिंतीवरची कन्नड नोटीस बघतो, कोणाला तरी विचारतो, आणि पुढच्या वेळी विचारायचा कंटाळा करतो. हा त्याचा आळस नव्हे. आपल्याच गावच्या कारभारात परक्यासारखं उभं राहायला कोणालाच आवडत नाही. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे कोणतीही व्यक्ती आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडू शकते. म्हणजे मराठीत लिहिलेला तक्रार अर्ज "कन्नडमध्ये आणा" म्हणून परत करता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दल केंद्रानं १९५६ मध्ये जे ठरवून दिलं त्यातही १५ ते २० टक्के अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी नोटिसा दोन्ही भाषांत द्याव्यात असा विचार आहे. माहिती अधिकाराचं मात्र वेगळं आहे. २००५ च्या त्या कायद्यात अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, म्हणजे इथं कन्नडमध्ये. मराठीत केला तर अडकू शकतो. शिवाय कर्नाटकच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ज्याला लिहिता येत नाही त्याचं तोंडी म्हणणं लिहून घेण्यात अधिकाऱ्यानं मदत करायची, हेही त्याच कायद्यात आहे. आणि कलम ४ प्रमाणे पंचायतीनं आपणहून जी माहिती जाहीर करायची ती देताना स्थानिक भाषेचा विचार करायला सांगितलंय. पीडीओंशी बोलताना हे कलम शांतपणे पुढं ठेवा. बहुतेक पीडीओ स्वतःच म्हणतात, तुम्ही मराठी मजकूर करून द्या, मी खाली कन्नडबरोबर लावतो.

माझा सल्ला असा: हक्क सोडायचा नाही, पण फुटलेली पाइप हक्काच्या वादात अडकू द्यायची नाही. अर्ज मराठीत द्या आणि त्याखाली चार ओळींचा कन्नड गोषवारा जोडा. पोच दोन्हीवर मिळून एकच घ्या. गोषवाऱ्यासाठी गावातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्या. अशी पोरं आता प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांना असं काम दिलं की ती पंचायतीशी बांधली जातात. फोनवरचं भाषांतर कच्च्या मसुद्याला चालतं. भिंतीवरची कन्नड नोटीस गूगल लेन्सनं मराठीत वाचता येते, मराठीत बोलून टाइप होतं. पण सर्व्हे नंबर, रक्कम, तारीख आणि "मंजूर" की "नामंजूर" हे माणसाच्या डोळ्याखालून गेल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

आणि तुमच्या त्या दोन कन्नड गल्ल्या. ग्रुप फक्त मराठीत चालला तर पंचायतीच्या भिंतीपुढं तुम्ही जसे उभे राहता तशा त्या ग्रुपपुढं उभ्या राहतील. गावाच्या पाण्यासाठी दोन्ही भाषा लागतात. प्रत्येक महत्त्वाचा निरोप आधी मराठीत, लगेच खाली कन्नडमध्ये. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे आवाजी निरोप, एक मिनिटाच्या आत, एक मराठी आणि एक कन्नड. म्हाताऱ्या माणसांनाही तो ऐकता येतो.

सरकारी सोयींचं थोडक्यात. राज्याच्या जनस्पंदन व्यवस्थेत १९०२ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. नोंद झाली की क्रमांक मिळतो. तो क्रमांक तुमच्या शीटमध्ये त्या ओळीपुढं लिहा, म्हणजे पंचायतीबाहेरच्या खात्यांचा पाठपुरावा गावासमोर राहील. दाखले, परवाने वेळेत मिळावेत यासाठी राज्याचा 'सकाल' कायदा आहे. अर्जाला सकाल क्रमांक मागा, कारण मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची त्यात तरतूद आहे. रक्कम छोटी आहे, पण क्रमांक घेतलेला अर्ज टेबलाच्या खणात पडून राहत नाही. पंचायतीच्या वाचनालयात, ज्याला आता अरिवु केंद्र म्हणतात, संगणक असेल तर ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या तक्रारी तिथून नोंदवायला एक वेळ ठरवून द्या.

फोन नसलेल्यांचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो, मागाहून तो जमत नाही. कणकुंबी, जांबोटी भागात आणि भीमगड अभयारण्यातल्या आमगाव, गवाळी, कोंगळा यांसारख्या गावांकडं पावसाळ्यात रस्ताच धड नसतो, तिथं रेंजची काय कथा. तिथं शीटचा कागद दर आठवड्याला आशाताईंबरोबर किंवा गुरुजींबरोबर पाठवायचा, आणि येताना त्यांच्याबरोबर मागण्या आणायच्या. तुमच्या गावात रेंज असली तरी शीट छापून दूध डेअरी, रेशन दुकान आणि अंगणवाडी इथं लावा. घरातला फोन बहुधा नवऱ्याकडं किंवा मुलाकडं असतो, आणि पाणी भरणारी बाई ग्रुपवर नसते. म्हणून पाण्याबद्दलची मागणी ग्रुपवर शोधू नका. बचत गटाच्या बैठकीत जा, अध्यक्षबाईंचा फोन मधे ठेवा, सगळ्यांचं म्हणणं एका आवाजी निरोपात घ्या आणि त्यांच्यासमोरच शीटमध्ये चढवा. आपलं वाक्य यादीत आलेलं बघितलेली बाई सभेला येते, आणि शेजारणीला घेऊन येते.

बाहेरगावी असलेल्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ग्रुपवर सर्वांत मोठा आवाज त्यांचाच असतो. गोव्याच्या कारखान्यात, पुण्यात काम करणाऱ्या पोरांना गावाची ओढ असते, ती खरी असते. पण रोजचं पाणी भरणारे ते नव्हेत. बोअर कुठं मारायची हे त्यांनी ठरवू नये. अर्जाचा मसुदा करणं, संकेतस्थळावरचा आराखडा वाचून काढणं, १९०२ च्या तक्रारीची स्थिती आठवड्याला बघणं, हे मात्र त्यांनी करावं. त्यांच्याकडं रेंज असते आणि बहुधा इंग्रजीही. असं काम वाटून दिलं की ग्रुपवरची चिडचिड बरीच कमी होते.

ग्रुपची शिस्त म्हणाल तर दोन ग्रुप ठेवा. एक फक्त निरोपाचा, त्यात अॅडमिनच लिहितील. दुसरा बोलण्याचा, वॉर्डवार. दोन अॅडमिन असू द्या, एक पुरुष, एक बाई, आणि शक्य असेल तर दोन वेगळ्या गल्लीतले, वेगळ्या भाषेतले. नंबर पीडीओंचा स्वतःचा नको. बदली झाली की ग्रुप त्यांच्याबरोबर जातो. पंचायतीच्या नावाचं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस चालवा, म्हणजे तक्रारींना खुणा लावता येतात आणि कार्यालय बंद असताना आपोआप उत्तर जातं. आधार कार्डाचे आणि रेशन कार्डाचे फोटो ग्रुपवर दिसले की तत्काळ काढून टाका. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कामांच्या जाहिराती थांबवा, तक्रारी चालू ठेवा.

बेळगाव शहरातले काही वाचक हे वाचून विचारतील, आमचं काय. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात वॉर्ड समित्या असाव्यात असं घटनेचं कलम २४३-एस सांगतं, आणि २०११ च्या जनगणनेतच बेळगावची लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या पुढं होती. महापालिकेत ५८ वॉर्ड आहेत. शहापूर, वडगाव, अनगोळमध्ये गणेशोत्सव मंडळांचं जाळं इतकं घट्ट आहे की वॉर्ड समितीच्या सभेआधी गल्लीवार तक्रारी जमवायला दुसरी यंत्रणा शोधायची गरज नाही. नाला तुंबल्याचा फोटो, ठिकाण, तारीख मंडळाच्या पोरांनी शीटवर टाकायची आणि नगरसेवकांपुढं सभेच्या दिवशी छापून ठेवायची. बाकी पद्धत तीच.

राहता राहिले तुमचे पीडीओ. तुम्ही लिहिलंय की ते ग्रुपमध्ये यायला तयार नाहीत. येऊ नयेत, त्यांना जबरदस्ती करू नका. शेकडो माणसांच्या ग्रुपवर अधिकाऱ्याला उभं केलं की तो प्रत्येक शब्द तोलून बोलतो आणि काम होत नाही. तुम्ही सदस्य आहात. दर सोमवारी शीटमधल्या नव्या ओळी कागदावर काढा, दोन प्रती, मराठी आणि खाली कन्नड, आणि एका प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. त्या पोचेचा फोटो सोमवारीच ग्रुपवर टाका. तिसऱ्या-चौथ्या सोमवारी पीडीओ स्वतःच विचारतील की अमुक ओळीचं उत्तर कुठं लिहायचं. तेव्हा त्यांना शीटचा तो एक रकाना उघडून द्या.